सुटी सरकारची, सण लोकांचा

(येथील वाचनालयाच्या व्याख्यानमालेत आमच्या संपादकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



'वर्षातील सण आणि राष्ट्रीय दिन' असा विषय चालकांनी मला नेमून दिला आहे. विषय सोपा आहे असे कोणासही वाटेल. भिंतीवरची दिनदर्शिका खाली घ्यावी, तांबड्या शाईत छापलेल्या तारखा ओळीने वाचाव्यात आणि प्रत्येकीमागे चार गोड वाक्ये बोलून बसावे. पण एवढेच करावयाचे तर त्यासाठी व्याख्याता कशाला? ते काम दिनदर्शिका माझ्यापेक्षा अचूक करते. मला आज त्या तांबड्या आकड्यांच्या पाठीमागे उभा असलेला एक प्रश्न आपल्यापुढे ठेवावयाचा आहे. सण म्हणजे काय, आणि सुटी म्हणजे काय? हे दोन शब्द आपण एकाच श्वासात उच्चारतो, म्हणून ते एकच आहेत असे समजतो. माझे म्हणणे असे की, ते एक तर नाहीतच, उलट पुष्कळदा एकमेकांचे वैरी आहेत. ज्या दिवशी काम नसते ती सुटी. आणि ज्या दिवशी प्रत्येकाला काही तरी काम असते तो सण! हा भेद नीट ध्यानात घेतला नाही, तर आपले राष्ट्रीय दिन हळूहळू कसे विझत चालले आहेत हे कळावयाचे नाही.

तीन दिवस साऱ्या देशाचे

प्रथम हिशेब पाहू. एवढ्या मोठ्या देशात सर्वांना सारखे लागू असलेले राष्ट्रीय सुटीचे दिवस तीनच : २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. बाकीच्या सुट्या केंद्राच्या वेगळ्या, राज्यांच्या वेगळ्या, जिल्ह्याजिल्ह्याच्याही वेगळ्या. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांना वर्षाकाठी १७ सुट्या असतात, आणि त्यांशिवाय प्रत्येक नोकराला आपल्या पसंतीच्या २ सुट्या घेता येतात. दिवाळी, ईद, नाताळ, बुद्धपौर्णिमा, महावीरजयंती, गुरुनानकजयंती ही सगळी नावे त्या एका यादीत शेजारी शेजारी बसलेली दिसतात. हे दृश्य मला फार आवडते. ज्यांची देवळे वेगळी, ज्यांची पंचांगे वेगळी, त्यांना एका कागदावर मानाने बसविणे ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु कागदावर तारीख बसविणे एवढेच सरकारच्या हाती असते. त्या तारखेला माणसाच्या मनात बसविणे ही गोष्ट कोणत्याही परिपत्रकाने होत नाही. याचा पुरावा पाहिजे असेल तर आपल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेकडे पाहावे. देशात तीसएक निरनिराळी पंचांगे चालू आहेत, त्यांत एकवाक्यता आणावी, म्हणून १९५२ साली मेघनाद साहांसारख्या थोर शास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ हा दिवस चैत्र १, शके १८७९ असा धरून नवी दिनगणना सुरू झाली. चैत्राचे दिवस ३०, लीप वर्षी ३१; वैशाखापासून भाद्रपदापर्यंत ३१; पुढे सर्व महिने ३० दिवसांचे. गणित निर्दोष, रचना सुटसुटीत, पाठबळ सरकारचे! ती तारीख राजपत्रावर छापली जाते. पण आपल्यापैकी किती जणांना आज राष्ट्रीय पंचांगाप्रमाणे कितवी तारीख आहे हे सांगता येईल? दोष त्या विद्वानांचा नव्हे. त्या तारखांना कोणी गुढी उभारली नाही, कोणी पुरण वाटले नाही, कोणी बैलाची शिंगे रंगविली नाहीत. म्हणून त्या राजपत्रातच राहिल्या.

सणाला काम असते

आता सणाकडे वळू. आमच्या भागात बैलाचा सण एकदा येत नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला पंचांगात 'कर्नाटकी बेंदूर' लिहिलेला असतो, आषाढात 'महाराष्ट्रीय बेंदूर' येतो, आणि मराठवाडा-विदर्भात श्रावणी अमावास्येला पोळा. बैल तोच, नांगर तोच, घुंगुरमाळा त्याच. दिवस मात्र तीन. ज्या मुलखात जेव्हा पाऊस आणि पेरणी, त्या मानाने त्या मुलखाने आपल्या बैलाला मान देण्याचा दिवस ठरविला. त्या दिवशी बैलाला विसावा असतो, पण घरधन्याला असत नाही. त्याने बैल धुवावयाचा, शिंगे घोळावयाची, झूल घालावयाची. कुंभाराने मातीचे बैल करून द्यावयाचे. घरच्या बाईने नैवेद्य करावयाचा. पोरांनी मिरवणुकीपुढे धावावयाचे. ज्याला वाटा नाही असा गावात कोणी उरत नाही. सणाचे हे पहिले लक्षण मानावे : त्यात प्रेक्षक नसतात.

दुसरे उदाहरण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील वेळ अमावास्येचे घ्या. मार्गशीर्षाच्या अमावास्येला तेथील गावे ओस पडतात, कारण सारा गाव शेतात गेलेला असतो. कडब्याची कोप उभारावयाची, पांडव म्हणून पाच दगड मांडून पुजावयाचे, भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवावयाचा, आणि बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवावयास बसवावयाचे, अशी ती रीत आहे. हे नाव कानडीतील 'एळ्ळ अमावास्ये'वरून, म्हणजे तिळाच्या अमावास्येवरून, आले असे मानतात. कानडी मुलखातला सण मराठी शेतकऱ्याने आपला म्हणून स्वीकारला, आणि त्यासाठी त्याने कोणत्याही सरकारची परवानगी मागितली नाही. आज लातूर जिल्ह्यात त्या दिवशी जिल्हाधिकारी स्थानिक सुटी जाहीर करतात. क्रम पाहा : आधी सण आला, पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि मग सुटी त्याच्या मागून आली!

गोव्यातही तेच दिसेल. गणेशचतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्या भाताची कणसे घरात आणून पूजतात, ती नव्याची पंचम. आणि त्याच पावसाळ्यात गोव्यातील ख्रिस्ती गावे कणसांचे फेस्त करतात. राय गावी ५ ऑगस्टला शेतातील पहिली कणसे कापून पाद्री त्यांना आशीर्वाद देतो. घुमटीत कोण आहे आणि वेदीवर कोण आहे हा प्रश्न निराळा. शेत एकच आहे आणि कणीसही एकच आहे.

पंचांगे अनेक, दिवस एक

इंदूर-ग्वाल्हेरकडे स्थायिक झालेल्या आपल्या मराठी बांधवांना याचा अनुभव दरवर्षी येतो. तेथील शेजाऱ्याचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शेजाऱ्याचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो; त्याचे सोमवार निम्मे होतात तेव्हा आपला पहिला येतो. आपण ज्याला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो तिला तो भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणतो. परंतु कृष्णजन्माची रात्र दोघांची एकच! दिवाळीची अमावास्या आपली आश्विनातली, त्याची कार्तिकातली. पण पणत्या एकाच संध्याकाळी लागतात. महिन्याच्या नावावरून कोणी भांडल्याचे ऐकिवात नाही.

मुसलमान बांधवांची कालगणना निव्वळ चांद्र आहे. आपण साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून चंद्राला सूर्याशी जुळवून घेतो. ते घेत नाहीत. त्यामुळे मोहरम, रमजान दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरतात आणि तेहतीसएक वर्षांत साऱ्या ऋतूंतून फिरून येतात. असे फिरता फिरता मोहरम आणि गणेशोत्सव कधी कधी एकत्र येतात. तेव्हा दंगा होईल या भीतीने सरकार बंदोबस्त वाढविते. पण कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला काय होते? तेथे मशिदींतूनच गणपती बसतो, आणि दोन्ही सण एकत्र आले की पंजे आणि गणपती एकाच छपराखाली राहतात. हा ऐक्याचा धडा त्या गावाला कोणी पुस्तकातून दिला नाही. दोघांच्या सणात दोघांना काम होते. कामातून सोयरीक झाली.

लोकांनी उभारलेले उत्सव

कोणी म्हणेल, हे जुने सण आपोआप चालत आले; नवा सण निर्माण करता येत नाही. हे खरे नाही. लोकमान्यांनी १८९३-९४ पासून घरातला गणपती चौकात आणला आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवउत्सव भरविला. त्यांनी सुटी मागितली नाही. त्यांनी लोकांना मेळे दिले, व्याख्याने दिली, वर्गणी गोळा करण्याचे काम दिले. आमच्या बेळगावात १९०५ साली झेंडा चौकात त्यांच्या हस्ते सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ झाला. तो अद्याप बंद पडलेला नाही. शिवजयंतीचेही तसेच. महाराष्ट्र सरकारने १९ फेब्रुवारी ही तारीख मानली आणि तिला इतिहासाचा आधार आहे. तरीही बेळगावचे चित्ररथ निघतात ते वैशाखातच. तारखेच्या वादात मी आज शिरत नाही. चित्ररथावर रात्र रात्र जागणाऱ्या तरुणांचा हात ज्या दिवसाला लागला आहे, तो दिवस त्यांना सोडवत नाही, एवढेच मला दाखवावयाचे आहे.

इंदुरात अनंतचतुर्दशीला कापडगिरण्यांचे कामगार देखाव्यांच्या झाक्या काढतात. हुकुमचंद गिरणी १९९१ साली बंद पडली. भोंगा थांबला, पगार थांबला, देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आणि झाकी? ती निघतच राहिली! मालक गेला, सुटी देणारा गेला, पण सण गेला नाही. कारण तो मालकाचा कधी नव्हताच. १४ एप्रिलच्या आंबेडकरजयंतीची कथाही हीच सांगते. पोटाला चिमटा घेऊन वर्गणी जमविणाऱ्या वस्त्यांनी तो दिवस प्रथम उजळला. सरकारी सुटी पुष्कळ मागाहून आली.

सुटीपूर्वीचे राष्ट्रीय दिन

आता ज्या मुद्द्यासाठी मी एवढा वळसा घेतला तेथे येतो. आपले राष्ट्रीय दिन जन्मतः सुट्या नव्हते. तेही सणच होते, आणि तेही बंदीतले!

डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेसने पूर्ण स्वातंत्र्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस स्वातंत्र्यदिन म्हणून पाळावयाचे ठरले. त्या दिवशी लाठ्या तयार होत्या. तरी गावोगाव सभा भरल्या, प्रतिज्ञा आपापल्या भाषेत वाचली गेली, तिरंगा वर चढला. गांधीजींनी त्या दिवसासाठी काय सुचविले होते? सूत काता, अस्पृश्य बांधवांची सेवा करा, हिंदु-मुसलमानांची मने जुळवा, दारूबंदीचे काम करा. म्हणजे दिवसाला काम नेमून दिले! त्या दिवसाची आठवण राहावी म्हणूनच २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेली घटना दोन महिने थांबून २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली.

सोलापूरचे उदाहरण तर आपल्या शेजारचे. १९३० च्या मे महिन्यात त्या शहराने ब्रिटिशांचा लष्करी कायदा सोसला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी चौघे येरवड्यात फासावर गेले : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावे एका दमात उच्चारून पाहा. हिंदुस्थान म्हणजे काय याची व्याख्या निराळी करण्याची गरज उरत नाही.

हैदराबाद संस्थानात १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकविणे हा अपराध होता. स्वामी रामानंद तीर्थांसह कित्येकांना त्यासाठी तुरुंग मिळाला. मराठवाड्याचा खरा स्वातंत्र्यदिन उगवला तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी. गोव्याला आणखी थांबावे लागले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशभरातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही पोर्तुगीज हद्दीत शिरले. पत्रादेवीच्या नाक्यावर पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल गोळीला बळी पडले. त्या एका दिवशी अनेकांनी प्राण ठेवले. त्या लढ्याचे एक मोठे ठाणे आपले बेळगाव होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तेव्हा कोठे १५ ऑगस्टला तेथे अर्थ आला. ज्या दिवसासाठी माणसांनी छाती पुढे केली, तो दिवस आज आपण 'जोडून आलेली सुटी' म्हणून मोजतो, आणि शनिवार-रविवारला लागून आला नाही तर हळहळतो! याहून मोठी हानी कोणती?

ध्वजाचीच गोष्ट घ्या. प्रमाणित खादीचा राष्ट्रध्वज जेथे शिवला जातो ते बेंगेरी येथील केंद्र हुबळीत, आपल्यापासून काही तासांच्या वाटेवर आहे. त्याचे कापड बागलकोट भागात विणले जाते. कातणाऱ्या, विणणाऱ्या, शिवणाऱ्या हातांत बहुसंख्य बायकांचे आहेत. साऱ्या देशाच्या मस्तकावर फडकणारा कपडा या कानडी भगिनींच्या बोटांतून जातो, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? २००२ च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला वर्षभर आपल्या घरावर ध्वज लावण्याची मोकळीक दिली, हे योग्यच झाले. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये यंत्रावरच्या पॉलिएस्टर कापडालाही परवानगी मिळाली. ध्वज स्वस्त झाला, घरोघरी पोचला. पण चरख्याशी असलेले त्याचे नाते सैल झाले. जो ध्वज १५ ऑगस्टला गाडीवर लावला आणि १६ ऑगस्टला गटारात सापडला, तो कोणत्या मोलाने घेतला होता?

एकाच तारखेचे दोन चेहरे

येथे बसलेल्या आपणांपैकी प्रत्येकाच्या मनात एक तारीख असणार. ती टाळून पुढे गेलो तर मी अप्रामाणिक ठरेन. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना अमलात आली. त्या दिवशी केरळ, आंध्र, मध्य प्रदेश आणि तेव्हाचे म्हैसूर ही राज्ये आकारास आली. कर्नाटकात तो राज्योत्सव आहे, आणि सीमाभागातील मराठी माणूस तो काळा दिवस म्हणून पाळत आला आहे. तारीख एक, चेहरे दोन! १ मे १९६० ने महाराष्ट्र आणि गुजरात ही राज्ये दिली. मुंबईत तो दिवस साजरा होतो तेव्हा बेळगावच्या मराठी घरात त्याच्याबरोबर एक कळही उठते. मी कोणाच्या आनंदाला नाव ठेवीत नाही. कानडी बांधवाला आपल्या भाषेचे राज्य मिळाल्याचा हर्ष व्हावा हे स्वाभाविकच आहे. आम्हीही तेच मागत आहोत. पण ज्याच्या घरात दुःख आहे त्याने तोरण बांधावे असा हुकूम काढता येत नाही, आणि त्याने शांतपणे पाळलेले दुःख हा राष्ट्रद्रोहही होत नाही. बेंदूर आणि वेळ अमावास्या ज्यांनी एकमेकांपासून घेतली, त्यांना हे समजणे कठीण जाऊ नये.

मग करावे काय?

केवळ हळहळ व्यक्त करून मी आपली रजा घेणार नाही. राष्ट्रीय दिनांना पुन्हा सण करावयाचे असेल तर त्यांना पुन्हा काम जोडले पाहिजे, आणि ते काम आपल्या हातातले असले पाहिजे.

प्रत्येक गणेशमंडळाने २६ जानेवारीला आपल्या गल्लीत घटनेची प्रास्ताविका वाचावी. मराठीत वाचावी, आणि गल्लीत कानडी, उर्दू, कोंकणी बोलणारी घरे असतील तर त्यांच्याकडून त्यांच्या भाषेत वाचून घ्यावी. ज्या घटनेत भाषिक अल्पसंख्याकांना आपली भाषा जतन करण्याचा हक्क लिहिला आहे, ती आपण प्रथम वाचली तरी पाहिजे. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणात लाडू वाटून मुलांना घरी पाठवू नका. गावातील सत्याग्रहींच्या घरी न्या. ते पाहिलेली माणसे थोडी उरली आहेत. त्यांच्या मुलासुनांना जे आठवते ते वहीत लिहून घ्या. प्रत्येक गावाची अशी एक वही पुढल्या १५ ऑगस्टपर्यंत तयार झाली, तर आपल्या वाचनालयात तिच्याइतके मोलाचे पुस्तक दुसरे नसेल. २ ऑक्टोबरला हातात केरसुणी घेऊन छायाचित्र काढून घेण्यापेक्षा गावची विहीर किंवा तळे एकदा खरोखर उपसून काढावे.

आणि दोन माणसांना विसरू नये. पहिली आपल्या घरातील स्त्री. सुटी पुरुषाला मिळते आणि सण बाईच्या खांद्यावर पडतो. वर्षातला प्रत्येक तांबडा आकडा तिच्यासाठी चुलीपुढचा अधिक लांबलेला दिवस असतो. सणात सर्वांना वाटा हवा असे मी म्हटले, तो वाटा स्वयंपाकघरापासून सुरू झाला पाहिजे. दुसरा माणूस रोजंदारीचा. आपल्याला जी सुटी ती त्याच्यासाठी बुडालेला रोज. राष्ट्राच्या आनंदाच्या दिवशी ज्याची चूल पेटत नाही, त्याच्यापुढे ध्वजवंदनाचे भाषण कोणत्या तोंडाने करावयाचे? मंडळाच्या वर्गणीतला पहिला हिस्सा त्याच्या घराकडे वळला, तर तो दिवस साऱ्या गावाचा होईल.

बंधुभगिनींनो, सुटी देणे आणि काढून घेणे सरकारच्या हाती आहे. सण देणारे आणि राखणारे आपण आहोत. २६ जानेवारी अगदी जवळ आलेली असो की लांब असो, आपल्या गल्लीतील त्या दिवसाचे काम कोणते आणि ते कोणाकोणाला वाटून द्यावयाचे, एवढे आज घरी जाण्यापूर्वी चार शेजाऱ्यांशी बोलून ठरवा, इतकेच माझे मागणे आहे.

जयहिंद! जय महाराष्ट्र!